आधी जुनं वाचून ये

लेस्टर प्रिंगल मनाने वाईट होता, असं आमच्या किनाऱ्यावर कुणी म्हणणार नाही. पण मासेमारांच्या ऑनलाइन चर्चेत बसला, की त्याच्या अंगात यायचं. नवख्याने काही विचारायचा अवकाश, हा खेकसलाच: "आधी जुनं वाचून ये!" मग चार टोळभैरव खिदळायचे. निवृत्त माणसाला तेवढं पुरत होतं.

त्या शुक्रवारी गोरान कोवाच नावाच्या कुणी लिहिलं: "उद्या लेकीला घेऊन समुद्रात जातोय. नदीच्या तोंडाशी वाळू साचते म्हणतात. बोट कुठल्या बाजूने काढू?"

लेस्टर त्याच सकाळी धक्क्यावर जाऊन आला होता. कालच्या पुराने वाळू सरकून उत्तरेची वाट बुजलीय, हे त्याने स्वतः पाहिलं होतं. 'दक्षिणेने जा' एवढं लिहायला काय हत्ती उचलायचा होता? पण नाही!

त्याने लिहिलं: "हजारदा सांगून झालंय. शोधायची सोय काय शोभेला दिलीय? जुनं वाच."

त्याच्या बायकोने, मरियनने, खांद्यावरून वाचलं. "अरे, सांग की त्याला! बोटं झिजतात का तुझी?"

"यांना आयतं भरवलं की सोकावतात."

"पोरगी आहे रे सोबत."

"मग बापाने अभ्यास करावा!"

कालची वाळू जुन्या लिखाणात कुठून असणार, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. तोरा चढला की अक्कल गहाण पडते, दुसरं काय!

गोरान बिचारा सांगितल्यासारखा शोधत बसला. सगळ्यांत नीट, समजावून लिहिलेलं एक उत्तर त्याला मिळालं: 'उत्तरेच्या खुणेच्या खांबाजवळून जा, लाटांचा अंदाज घे, घाई करू नकोस.' सहा वर्षांपूर्वीचं. लिहिणारा, लेस्टर प्रिंगल. तेव्हा हा माणसासारखा बोलायचा.

शनिवारी दुपारी गोरानने लिहिलं: "उत्तरेला वाट नाही. बोट उलटली, बचावपथकाने काढलं. लेक इस्पितळात आहे. कुणी विचारलं तर दक्षिणेने पाठवा." खाली टोळभैरव तुटून पडले: "तारीख बघायची अक्कल नव्हती?" "वाचता येतं का?" सगळी लेस्टरचीच शिकवण.

"गप्प बसा रे मेल्यांनो," लेस्टर पडद्यावरच ओरडला. मग त्याने लिहिलं: "माझं चुकलं. पोरगी कशी आहे? कृपा करून सांगा."

चहा गार झाला तेव्हा गोरानचं उत्तर आलं.

"हजारदा सांगून झालंय. जुनं वाच."

लेस्टर वरपासून खालपर्यंत सगळं वाचत गेला. पोरगी कशी आहे, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.