आखाजीचं साल आणि कलकत्त्याची फी

मी कमी बोलणारा माणूस. पण ही एक गोष्ट बोललो नाही ती स्वभावामुळे नव्हे, भीतीमुळे. आता सांगून टाकतो.

माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान असोद्याचे. मी त्यांना नाना म्हणतो. कापूस वेचून झाला की शेतातल्या वाळल्या पऱ्हाट्या उपटताना हातांची सालटी निघतात, म्हणून नानांनी लोहाराशी खटपट करून एक लोखंडी चिमटा घडवला. बुंध्याला धरायचा, दांडा दाबायचा, की झाड मुळासकट वर! पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला थांबवेना. अर्धी ओळ मीच उपटली आणि तिथेच ओरडलो, "नाना, याचं पेटंट घ्यायचं!"

मी जळगावात एका वकिलांकडे कारकून होतो. मार्गशीर्षात अर्ज कलकत्त्याच्या पेटंट कचेरीला धाडला, आणि पुढल्या साली पेटंटची सनद हातात पडली ती नेमकी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला. अक्कानं तिला हळदकुंकू वाहिलं. गाव ओट्यावर जमलं.

"वकीलसाहेब," नाना मला चिडवून असंच म्हणत, "हिचं साल कवापासून धरायचं?"

आमच्याकडे वर्षाच्या बोलीचा सालदार गडी आखाजीला कामाला लागतो, आखाजीला सुटतो. सनदही तशीच असणार! मी ऐटीत सांगितलं, "आजपासून. चार सालं काही नाही, मग दर आखाजीच्या आत फी भरायची." हे मी कुठेही वाचलं नव्हतं.

चिमटा खपू लागला तसा धुळ्याच्या एका कारखानदारानं हुबेहूब तसाच केला. आमच्या वकिलांची नोटीस गेल्यावर थांबला, पण दोंडाईच्याच्या बाजारात उघड म्हणायचा, "त्यांची सनद मरू द्या, मग बघा."

माझ्या हिशेबानं चौथं साल सरत आलं होतं, तेव्हा फाल्गुनातल्या एका दुपारी वकिलांनी गॅझेट माझ्यापुढे टाकलं. "पेटंटच्या फीचे दर बदललेत. तुमच्या पाहुण्यांना कळवा."

वाढ फार नव्हती. ती नीट समजावी म्हणून मी कायद्याचं पुस्तक काढलं, आणि ते कलम दोनदा वाचलं. साल मोजायचं ते अर्जाच्या तारखेपासून! म्हणजे आमची मुदत मार्गशीर्षातच सरली होती. जादा फी भरली तर तीन महिन्यांची सवलत होती, आणि तीही उद्या संपत होती.

वकिलांची सायकल घेतली आणि सुटलो. काय पायडल मारले त्या दिवशी! नाना शेतात होते. चार गडी चिमटे घेऊन ओळीनं पऱ्हाट्या उपटत होते, खटाखट आवाज येत होता. ज्यांच्यापुढे ऐट मारली होती तेच हे गडी. माझी जीभ वळली ती भलतीकडेच.

"नाना, सरकारनं फी वाढवली! फार वाढवली. आजच भरली पाहिजे, नाहीतर सनद गेली!"

"आजच? अन् आखाजी?"

"नवा कायदा आहे."

नानांनी चिमटा खाली टाकला. "घ्या! मेल्या सरकारले आमचाच चिमटा दिसला!" पण लगेच घरी गेले आणि दुसऱ्या बैलासाठी राखलेले पैसे माझ्या हाती दिले. नेहमीच्या फीपेक्षा जे जादा गेलं, त्यात वाढीचा वाटा थोडका. बराचसा माझ्या चुकीचा दंड.

जळगावात परतलो तेव्हा तारघराची खिडकी बंद व्हायला आली होती.

"तारेची मनीऑर्डर, कलकत्ता!" मी धापा टाकत म्हणालो.

"अहो, बसा आधी," बाबू म्हणाला, "मेलात तर सही कोण करणार?"

कलकत्त्याचं उत्तर आलं ते ऐन होळीच्या दिवशी. फी पोचली, सनद जिवंत! मी तार हवेत नाचवत असोद्यात शिरलो. ढोल वाजू लागला. नाना होळीपुढे उभे राहून गरजले, "फी वाढवनाऱ्या सरकारच्या नावानं मारा रे बोंब!" आणि सगळ्या गावानं तोंडावर हात मारून बोंब ठोकली. सर्वांत मोठा आवाज माझा होता. खोटं कशाला बोलू, त्या घटकेला मला आनंदाखेरीज काही वाटत नव्हतं. लाज घरी आल्यावर वाटली, आणि ती मग गेलीच नाही.

धुळ्याचा माणूस अखेर पैसे देऊन परवाना घेऊन गेला. नानांचे बैल झाले, विहीर झाली. पण फीची गोष्ट निघाली की ते सरकारला शिव्या घालत, आणि मी मान डोलवत असे.

परवा ओट्यावर इंग्रज निघाल्याच्या गप्पा रंगल्या होत्या. नाना हसत म्हणाले, "आपली बोंब लागली त्याइले!" मंडळी खदखदून हसली. मला बसवेना. नानांना आत नेलं आणि सगळं सांगितलं.

नाना म्हणाले, "तवा खरं सांगतास, तरी मी पैसे दिलेच असते नं?"

"दिले असते, नाना."

"मंग?"

दारात उभ्या अक्कानं सगळं ऐकलं होतं; तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा करत स्वयंपाकघरात गेली. नानांनी माझा दंड धरला, मला ओट्यावर आणलं आणि मंडळींना म्हणाले, "थांबा रे. वकीलसाहेबाइले काही सांगायचं आहे."

हसणं थांबलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी उभा राहूनच सांगायला सुरुवात केली.