विचारून बघणारे हेडमास्तर

आमच्या शाळेच्या हेडमास्तरांना सगळे ‘परवानगी मास्तर’ म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी लाज आहे अजून.

झालं असं, की संस्थेच्या चेअरमननी चौदाही वर्गांत कॅमेरे बसवले आणि भला मोठा स्क्रीन मास्तरांच्या टेबलासमोर टांगला. चेअरमन म्हणजे मास्तरांच्या बायकोचे थोरले भाऊ, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. पण मास्तर दीनाचे, म्हणजे इस्लामच्या शिकवणीचे, पक्के. कुणाच्या घरात न विचारता डोकावू नये, तीनदा सलाम करून विचारावं, नको म्हटलं तर मुकाट परतावं. वर्ग म्हणजे बाईंचं घरच, असं ठरवून त्यांनी स्क्रीनवर टेबलक्लॉथ टाकला. सातवी बघायची असली की दोन जिने चढायचे, दार वाजवून “खाली जाऊन तुमच्याकडे बघू का?” विचारायचे, आणि होकार आला की खाली येऊन कापड उचलायचे. तोवर सातवी मेणाच्या पुतळ्यांसारखी बसलेली असायची.

चेअरमनकडे कुणीतरी चुगली केली. मी नाही, मी फक्त बायकोला सांगितलं होतं. निलंबनाचं पत्र खिशात घालूनच ते आले. महिनाभरात काय दिसलं, विचारलं. मास्तरांना खोटं जमत नाही. मुलं शहाण्यासारखी दिसली, म्हणाले, पण मी आधी सांगून गेल्यामुळे.

“सातवी दाखवा. आत्ता.”

“विचारून येतो,” म्हणत मास्तर निघालेसुद्धा.

चेअरमननी धुसफुसत कापड ओढलं. स्क्रीनवर सातवीच्या दारात धापा टाकणारे मास्तर. बाईंनी हातानंच नको म्हटलं, ते वळले. मग पाचवीच्या चौकटीत दिसले: इवल्याशा बाकावर गुडघे दुमडून एका रडक्या मुलीच्या चष्म्याची काडी चिकटपट्टीनं जोडत होते. चेअरमन बघतच राहिले.

मास्तर परतले. “सातवी नाही म्हणाली. चाचणी चालू आहे.”

“मी तुम्हालाच बघत होतो.”

मास्तरांनी त्यांच्या हातातलं कापड पाहिलं. “मग मला तरी विचारायचं होतंत, भाईजान.”

चेअरमननी कापड स्वतः परत टाकलं, कोपरे सारखे केले, आणि पत्र खिशातच घेऊन गेले.

मास्तरांच्या केबिनमध्येही एक कॅमेरा आहे, तो चेअरमनच्या मोबाइलवर दिसतो. आता ते आधी फोन करतात, सलाम करतात, बघू का विचारतात. काल मास्तर म्हणाले, नको, डबा खातोय. चेअरमननी निमूट फोन ठेवला आणि बहिणीला लावला: डब्यात काय दिलंयस?