एक्स-रेवाल्या ताईंची छत्री

डोंगरापलीकडच्या त्या गावात एक्स-रे काढायचं केंद्र एकच. दोन खोल्यांचं ते केंद्र चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. अठरा वर्षं मशीन हाताळून त्यांचा हात बसला होता. पण फोटो बघून निदान करणारे डॉक्टर शहरात. मोबाइलवर बोलणं कसंबसं व्हायचं, फोटो जायचं नाव नाही. फिल्म बसच्या ड्रायव्हरकडे द्यायची आणि तिसऱ्या दिवशी रिपोर्ट यायची वाट बघायची.

म्हणून ताईंनी सॅटेलाइटचं इंटरनेट घेतलं. बसवायला आलेल्या माणसाने सिग्नल पकडणारी डिशची छत्री मागच्या भिंतीवर ठोकली.

"छपरावर नको का?" ताईंनी विचारलं.

"माझी शिडी तिथवर पोचत नाही. आणि इथेही मस्त चालेल," म्हणत त्याने हत्यारं आवरली सुद्धा.

मागे ताईंच्या दिरांची लाकडाची वखार. तिच्या उंच शेडने भिंतीवरून दिसणारं अर्धं आकाश खाल्लेलं. इंटरनेट चालायचं, मध्येच जायचं, परत यायचं. ताईंनी दोन महिन्यांत अकरा तक्रारी केल्या. दर वेळी "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे" असा मेसेज यायचा, आणि तो वाचताना ताईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एका सकाळी टपाल वाटणाऱ्या बाई उतारावर सायकलवरून पडल्या. चौघांनी त्यांना एका काढलेल्या दाराच्या फळीवर आडवं घालून आणलं. मान दुखत होती, बोटांना मुंग्या येत होत्या. ताईंनी त्यांची मान हलू न देता फोटो काढले. ते बघितल्याशिवाय त्यांना गाडीत घालू नका, असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं.

फोटो नव्वद टक्के गेला आणि अडकला. पुन्हा पहिल्यापासून सुरू. पुन्हा अडकला. ताईंनी कंपनीला फोन लावला.

"मॅडम, आमच्याकडे सगळं हिरवं दिसतंय," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"तुमच्याकडे असेल हिरवं. माझ्याकडे पेशंट टेबलावर पडून आहे."

"एकदा बंद करून चालू करून बघता का?"

"सकाळपासून पाच वेळा केलं."

"मग तक्रार नोंदवू का, मॅडम?"

ताईंनी फोन ठेवला. टपालवाल्या बाईंजवळ त्यांच्या नवऱ्याला बसवलं, पाना घेतला आणि वखारीत जाऊन दिरांना म्हणाल्या, "भाऊजी, तुमची मोठी शिडी आणा."

"वहिनी, मी चढतो की."

"नको. तुम्ही शिडी धरा फक्त."

पन्नाशीच्या ताई पदर खोचून चढल्या. भिंतीवरचे बोल्ट दोन महिन्यांतच गंजले होते. एक काढताना बोटाचं सालटं निघालं. "छपरावर ठेवायला काय धाड भरली होती मेल्याला," त्या पुटपुटत होत्या. छत्री छपराच्या टोकाला लोखंडी पाइपाला आवळली, वायर ओढून घेतली आणि त्या खाली आल्या.

या वेळी फोटो एका दमात गेला. वीस मिनिटांत डॉक्टरांचा फोन आला. मानेच्या मणक्याला तडा होता. मानेला पट्टा बांधा, आडवंच आणा, उठवून बसवू नका. तसंच नेलं. दीड महिन्याने टपालवाल्या बाई स्वतःच्या पायांनी परत आल्या.

छत्री हलवल्याचं ताईंनी कळवल्यावर कंपनीचा मेसेज मात्र दुसऱ्याच दिवशी आला: 'ग्राहकाने परवानगीशिवाय जागा बदलल्याने आधीच्या सर्व तक्रारी बंद करण्यात येत आहेत.'

तीन आठवड्यांनी तोच माणूस तपासणीला आला. वर बघून म्हणाला, "आता कशी झकास बसलीय." मग फॉर्म पुढे केला. त्यात लिहिलं होतं, 'कंपनीच्या कर्मचाऱ्याने जागा बदलून दोष दूर केला.'

"इथे सही करा, ताई. म्हणजे तुमचंही काम संपलं आणि माझंही."

ताईंनी ती ओळ खोडली. वर लिहिलं, 'मी स्वतः चढून बसवली.' मग सही केली.

"असा फॉर्म घेत नाहीत हो वर," तो रडवेला झाला.

"मग अकरा तक्रारी कशा घेतल्या?" म्हणत त्या आत गेल्या. राग तसाच होता. बाकावर बसलेल्या पेशंटला त्यांनी हाक मारली, तीही जरा जोरातच.