हात लावायला माणूस

डब्लिनला निघाले तेव्हा बिबवेवाडीतली आमची अख्खी गल्ली गाडीपाशी जमली होती. बॅगा बाहेर काढण्याआधी आईने बुद्धवंदना म्हणायला लावली. धाकटा भाऊ संदीप हुंदके देऊन रडला. मी मात्र कोरडी. "पोरगी घट्ट, पोरगं हळवं," असं आबा येईल त्याला सांगत होते. मलाही ते खरंच वाटलं.

आबा मार्केट यार्डात हमाल. शाळेत असताना मी त्यांचा डबा घेऊन जायचे आणि गाळ्यासमोर बघत उभी राहायचे. गडी केवढाही पैलवान असो, पोतं स्वतःच्या पाठीवर स्वतः घेत नसे. "हात लाव रे" म्हणायचा. दोघं येऊन पोतं पाठीवर चढवायचे, की हा झपझप चालायला लागायचा. एकट्याने उचललं की कंबर जाते, असं आबा म्हणत. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीला हे आपल्यासाठीही आहे असं काही वाटलं नाही.

मागच्या वर्षी आबांना अर्धांगवायूचा झटका आला. मी इकडे मीटिंगा करत होते, रिपोर्ट वाचत होते, तिकिटं शोधत होते. झोप उडाली. ऑफिसने स्ट्रेससाठी एक ॲप दिलं होतं. त्यात श्वास मोजायचे. मोजताना आणखीच धाप लागायची. तिकडे संदीप दवाखाना सांभाळून टेम्पो चालवत होता, दोन वेळा नीट जेवत होता. शेवटी चिडून त्याला विचारलं, तुला टेन्शन कसं येत नाही? येतं की, म्हणाला. भरपूर रडलो, यार्डात सगळ्यांना सांगितलं, आता गल्लीतली माणसं पाळीपाळीने आबांजवळ बसतात. मग त्याने विचारलं, "ताई, तुझ्यापाशी कोण हाय?"

माझे वडील आजारी आहेत हेसुद्धा ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या मारियाला सांगायला गेले आणि तोंड उघडण्याआधीच रडू फुटलं. तिने काही न विचारता खुर्ची ओढली, चहा करून आणला. तो चहा पुण्यात कुणी तोंडात धरला नसता. मी सगळा प्यायले. संध्याकाळपर्यंत ती माझ्याजवळून हलली नाही.

आबा आता काठी टेकत चालतात. गल्लीची आठवण रोज येते, सणावाराला तर जीव तुटतो. पण रागावू नका, खरं तेच सांगते. त्या संध्याकाळी मारियाला "चल, घरी जाते" म्हणाले, तेव्हा 'घरी' म्हणताना पहिल्यांदाच मला बिबवेवाडी आठवली नाही.