रिकामा डबा परत न देणाऱ्या ताई

ताईंची आणि माझी भिंत एकच होती, त्यामुळे त्यांच्या घरातलं बोलणं मला कान न लावताच ऐकू यायचं. लावला असता तरी फार काही हाती लागलं नसतं, कारण त्या घरात भांडणं अशी नव्हतीच. ताई दिवसभर दारात बसून गोदामाच्या फाटक्या गोण्या शिवायच्या आणि संध्याकाळी दाजी गोदाम बंद करून घरी यायचे. दाजी म्हणजे त्यांचे यजमान, बंदरावरच्या एका शेठच्या गोदामाचे राखणदार. ताईंचा धाकटा भाऊ त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून सगळं बंदरच त्यांना दाजी म्हणायला लागलं.

हा धाकटा म्हणजे ताईंचा जीव की प्राण. आई गेली तेव्हा तो रांगत होता. ताईंनी त्याला कडेवर घेऊनच स्वतःचं बालपण उरकलं. पुढे तो खलाशी झाला आणि मग एका गलबताचा कप्तान. रुबाबदार आणि गोडबोल्या. मला तो कधीच आवडला नाही. जो सगळ्यांशीच गोड बोलतो त्याच्या पोटात काय आहे ते देवालाही कळत नसेल. पण ताईंपुढे असं बोलायची माझी काय टाप.

ताईंचा एक नेम होता. कुणाचा डबा घरात आला तर तो रिकामा परत द्यायचा नाही. मूठभर शेंगदाणे घालायचे, नाहीतर गुळाचा खडा. घरात काहीच नसलं की माझा डबा त्यांच्याकडे आठवडाभर अडकून पडायचा आणि मी मागायला गेले तर त्याच मला फैलावर घ्यायच्या. धाकटाही याच वळणात वाढला होता.

एका वर्षी शेठनं होतं नव्हतं ते सगळं लवंगेत घातलं. माल दूरच्या बंदरात पोचवायला गलबत हवं होतं. ताईंनी दाजींच्या मागे लकडा लावला, "आपल्या धाकट्यालाच मिळू दे की हे काम." दाजी मुळात भित्रे, पण बायकोपुढे त्यांचं काही चालायचं नाही. ते शेठकडे गेले आणि म्हणाले, "माझा मेहुणा आहे. माल माझ्या घरात ठेवल्यासारखा राहील."

गलबत परत आलं ते डोलकाठी मोडून. धाकटा शेठच्या पेढीवर जाऊन रडला. म्हणे वादळ असं होतं की गलबत वाचवायला सगळ्या गोण्या समुद्रात फेकाव्या लागल्या. एक दाणाही उरला नाही. खलाशांनी माना डोलावल्या. धाकट्यानं शपथ घेतली. शेठनं फक्त दाजींकडे पाहिलं.

तेवढ्या पाहण्यानं दाजी अर्धे झाले. शेठ आता रोज गोदामात येऊन नुसते उभे राहायचे. दाजींच्या घशाखाली घास उतरेना. जेवता जेवता उठून दार उघडून बघायचे, बाहेर कुणी नसायचं. "शब्द मी दिला होता," एवढंच म्हणत राहायचे. ताई म्हणायच्या, "वादळाला कोण काय करणार? बिचारा जीव वाचवून आला हेच खूप." पण गोणी शिवताना त्यांची सुई बोटात घुसत होती, आणि असं मी कधी पाहिलं नव्हतं.

मग एक दिवस ताई पाणी भरायला गेल्या असताना धाकटा येऊन गेला. सफरीवर निघताना ताईंनी बरोबर दिलेला खाऊचा डबा फळीवर ठेवून गेला. ताई परत आल्या. मी तिथेच बसले होते, गोणीचं दुसरं टोक धरून. त्यांनी हौसेनं झाकण उघडलं आणि घरभर लवंगेचा वास सुटला. डबा काठोकाठ भरला होता.

ताईंनी झाकण तसंच परत लावलं. मी म्हटलं, "विकत घेतली असेल कुठेतरी."

"त्यानं जन्मात कधी पदरचं घालून काही आणलंय?" ताई म्हणाल्या आणि डबा घेऊन तशाच धक्क्यावर निघाल्या. मीही मागोमाग गेले. अशा वेळी शेजारणीनं घरी बसायचं असतं, पण मला ते कधी जमलं नाही.

धाकटा गलबतावर होता. आधी हसला. "तुझा डबा रिकामा कसा देऊ, ताई?"

"वादळात गोण्या फेकताना कोण डबा भरत बसतं रे?"

त्याचं हसू मावळलं. मग हळूच म्हणाला, "वाटेतल्या बंदरात माल विकला सगळा. डोलकाठी आम्हीच मोडली. शेठचं काय, आज बुडाला तर उद्या वर येईल. तुझा वाटा काढून ठेवलाय मी."

"जाऊन शेठच्या पाया पड."

"उद्या सकाळी निघतोय. तू गप्प राहा. लोक विसरतात."

घरी आल्यावर दाजींनी ऐकलं आणि ताईंचे हात धरले. "बोलू नकोस. आत्ता सांगितलंस तर शेठ म्हणेल, यांना आधीपासून ठाऊक होतं, वाटणीवरून बिनसलं म्हणून बोलताहेत. पहिला मीच मरेन."

"आणि नाही सांगितलं तर?"

"भीत भीत का होईना, दोन घास तरी खाऊ."

मला वाटलं, आता ताई ऐकतील. धाकट्यासाठी ज्या बाईनं स्वतःचं लग्न लांबवलं ती त्याला धरून देईल असं मला खरंच वाटलं नव्हतं. त्यांनी चपला घातल्या. वळणावर एकदा थांबल्या, भिंतीला हात टेकला आणि पुन्हा चालू लागल्या.

शेठच्या पुढ्यात डबा ठेवून त्या म्हणाल्या, "हा डबा माझा आहे. भरला माझ्या भावानं."

गलबत अडवलं गेलं. वाटेतल्या बंदरात शेठच्या गोण्या सापडल्या, त्याही बऱ्याचशा रिकाम्या. बंदराच्या कचेरीत आम्हा सगळ्यांना बोलावलं. साहेबांनी धाकट्याला विचारलं, "यात आणखी कोण होतं?" दाजी घामानं भिजले होते. धाकटा कुणाचंही नाव घेऊ शकला असता. पण त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "दाजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. ताईला तर नाहीच. केलं ते मी केलं."

शेठ म्हणाले, "वादळाची शपथही तू अशीच घेतली होतीस." मग दाजींकडे वळून म्हणाले, "उद्यापासून गोदामावर येऊ नका."

ताई पुढे झाल्या. "शेठ, एवढं मात्र तो खरं बोलतोय हो."

शेठनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "तुम्ही त्याची बहीणच ना?"