डाव्या टाचेची पोरगी

आमच्या गावात बैलांना नाल ठोकणारे एक काका होते. त्यांनी उभ्या आयुष्यात एकाही माणसाचा चेहरा नीट पाहिला नसावा, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकते. माणूस समोर आला की काकांची नजर थेट त्याच्या पायांवर जायची आणि बोलणं संपेपर्यंत तिथंच राहायची. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, चाल मात्र पक्की राहायची. पोस्टमन त्यांच्या लेखी ‘घासत्या चपलेचा’ होता, आणि आमचे मुख्याध्यापक ‘उजवा गुडघा’. एकदा झेंडावंदन झाल्यावर सगळे सरांच्या भाषणाचं कौतुक करत होते, तर काका म्हणाले, “सर, पायरी चढतानी तुमी डाव्या पायालेच राबवता. उजव्यात दुखून राह्यलं काय?” सर ओशाळले, पण त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन आले. सख्ख्या भाचीला पाहायला पाहुणे आले तेव्हा काकांनी पोह्यांच्या आधी नवरदेवालाच अंगणात दोन चकरा मारायला लावल्या. पाहुणे चिडले, भाची आत तोंडात पदर धरून हसत होती. काकांनी निकाल दिला, “पोरगा सरळ हाय. पाय पुरा टेकवते.” लग्न झालं, आणि संसार आजही नीट चालला आहे.

शाळेच्या मैदानाची भिंत एका बाजूनं पडलेली होती, आणि त्या भगदाडाच्या पलीकडे कडुलिंबाखाली काकांचं काम चाले. बैलाला दोरानं आडवं पाडायचं, चारही पाय बांधायचे, खूर तासायचा आणि नाल ठोकायचा. हे करताना ते बैलाशी सतत बोलत, माणसांशी बोलत त्यापेक्षा पुष्कळ जास्त. भिंतीच्या अलीकडे त्या वर्षी नव्या क्रीडाशिक्षकांनी आम्हा मुलींना बेसबॉल शिकवायला घेतलं होतं. चेंडू टप्पा न खाता सरळ अंगाजवळून येतो आणि गोल बॅटनं तो टोलवायचा, एवढंच आम्हाला आधी कळलं. सर मन लावून शिकवत: खांदा असा, कोपर असं, मनगट असं. निंदण-खुरपणीनं माझे हात चांगले घट्ट झालेले होते. मी जीव खाऊन बॅट फिरवायची आणि चेंडू दोन पावलांवर जाऊन पडायचा. सर हताश होऊन म्हणायचे, “एवढी ताकद आहे, मग जाते कुठं?”

याचं उत्तर एका दुपारी भगदाडातून आलं. “मास्तर, तुमी हातच काहून पाहून राह्यले? चूक खाली हाय. त्या पोरीची डावी टाच हवेत हाय.”

खरंच होती. लहानपणी डाव्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. बाबांनी तो सुईनं काढला, जखम भरली, पण पायाला ते पटलंच नव्हतं. मी टाच अर्धवट उचलूनच चालायची आणि ते मलाही माहीत नव्हतं. काकांनी माझी टाच अंगठ्यानं दाबून पाहिली, जसा बैलाचा खूर पाहत, तशी. “काटा निघाला वं, भेव नाही निघालं. बैलाचं बी असंच असते.”

आमचे सर मोठ्या मनाचे. त्यांनी काकांना मैदानात बोलावलं. तेव्हापासून रोज शाळा सुटल्यावर काका खेळणाऱ्या मुलीच्या पायापाशी उकिडवे बसू लागले. बॅट त्यांनी कधी हातात धरली नाही. बेसबॉलचा एक नियमही त्यांना अखेरपर्यंत माहीत नव्हता. त्यांचं सगळं शास्त्र बैलावरून आलेलं होतं. “बैल आधी पाय रोवते, मंग मान लावते. पाय रोवल्याबिगर जोर कुठून येईन? मागचा पाय वळला का कंबर वळते, कंबर वळली का हात आपोआप येते. हाताले वेगळं सांगा नाही लागत.” घरून ते चुलीची राख आणत आणि मुलगी उभी राहते तिथं पसरत. बॅट फिरवून झाली की बाजूला व्हायचं आणि काका राखेतले ठसे वाचायचे. पुढची टाच पूर्ण उमटली आहे का, मागचा पाय चवड्यावर गोल फिरला आहे का, पाऊल चेंडूला भिऊन बाहेर पळालं आहे का, हे सगळं राखेत लिहिलेलं असे. एकदा आमच्यातल्या एकीनं चेंडू थेट रस्त्यापलीकडे टोलवला. आम्ही नाचत होतो, सर टाळ्या वाजवत होते. काका राखेवरून नजर न काढता म्हणाले, “चूप बसा. पाय घसरला हिचा.”

माझं पाऊल फार लांब पडायचं, म्हणून एके दिवशी त्यांनी माझ्या दोन्ही घोट्यांना मापाचा दोर बांधला. नेमकी तेव्हाच आई शेतातून परतत होती. ती मैदानातच घुसली. “माह्या पोरीले बैलावानी काहून बांधून राह्यले भाऊ?” काकांनी वर पाहिलं नाही. “वयनी, तुमी डोक्यावर भारा घेतानी एकाच पायावर उठता. कंबर धरते ना सकाळी?” आईचा हात कमरेवर गेला. मग तिथंच बसून तिनं भारा कसा उचलायचा ते शिकून घेतलं, आणि माझा दोर तसाच राहिला.

बारावीच्या वर्षी जिल्ह्याच्या संघाची निवड वाशीमला होती. शहरातल्या एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात खेळाडू मुलींसाठी जागा होत्या, पण त्यासाठी जिल्ह्याच्या संघात नाव हवं होतं. बाबांनी सरळ सांगितलं होतं, “नाव आलं त जाय. नाही आलं त आपली ऐपत नाही बेटा.” आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. त्यामुळे मी काय गमावणार होते, हे मला नीट माहीत होतं.

काका जीपमधून आमच्याबरोबर आले, मांडीवर राखेची पिशवी घेऊन. माझी पाळी आली तशी ते पुढं झाले आणि राख पसरू लागले. निवड करणारे गृहस्थ ओरडले, “ओ काका, इथं काय पूजा मांडता? उचला ते!” राख पुसली गेली. काका मैदानाच्या कडेच्या दोरीबाहेर जाऊन बसले आणि गाल जवळजवळ मातीला टेकवून पाहू लागले. राखेशिवाय मला उघडं पडल्यासारखं झालं. पहिला चेंडू हुकला. दुसराही हुकला. टाच वर होती, हे मला स्वतःलाच कळत होतं, पण ती खाली येईना. तिसरा चेंडू सुटला तेव्हा जमिनीलगतून आवाज आला, “रोव!”

टाच टेकली. पुढं कंबर वळली आणि हात आपोआप आले. चेंडू कुठं गेला ते मला सरांच्या ओरडण्यावरून समजलं. सर काकांना हलवत होते, “काका, पाहिलं का? कुठं गेला पाहिलं का?” काका म्हणाले, “थे तुमी पाहा. टाच टेकली.”

माझं नाव लागलं. वसतिगृह मिळालं, पदवी झाली, पुढं खेळाचं शिक्षणही झालं, आणि आज मी शाळेत मुलींना शिकवते. मुली मोबाइलवर आपलीच बॅट संथ गतीनं फिरताना पाहतात. मी राख पसरते तेव्हा त्या हसतात, पण दुसऱ्या दिवशी घरून राख आणतात.

मागच्या हिवाळ्यात गावी जाताना कामरगावच्या बसथांब्यावर काका दिसले. ट्रॅक्टर आल्यापासून नालाचं काम जवळपास संपलं आहे. ते थांब्यावरच्या बाकावर काठी धरून, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय पाहत बसले होते. मी नमस्कार केला, नाव सांगितलं, गाव सांगितलं. ते माझ्या बुटांकडे पाहत राहिले. मी बूट काढले आणि धुळीत चार पावलं चालून दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. “नाही ओळखलं बाई. चाल त चांगली हाय.”

ओळखणार कसे? ज्या खुणेनं ते मला ओळखत, ती त्यांनीच पुसून टाकली होती.

मी परत वळले. या वेळी डावी टाच उचलून चालले, लहानपणी चालायची तशी. दोनच पावलं. काकांची काठी जमिनीवर आपटली. “अवं, डाव्या टाचेची! काय वं हे? एवढं शिकवलं, अन् अजून टाच हवेतच?”

बस येईपर्यंत ते मला रागावत राहिले. मी अनवाणी त्यांच्यासमोर उभी होते. त्यांनी सांगितलं तेव्हा टाच हळूच टेकवली.

“हां,” काका म्हणाले. “अशी.”