वेशीवरचा पाटील

अर्धापूरच्या केळीवाल्यांच्या घरचा दयानंद नांदेडात मोबाइल दुरुस्त करतो, पण कुणी विचारलंच तर ऐटीत सांगणार, "आपण गेम मास्टर हाय." म्हणजे काय, तर दर रविवारी विष्णुपुरीच्या एका खोलीत चार टाळकी टेबलाभोवती जमतात. दयानंद गोष्ट रचतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होऊन बोलतात, आणि बेत जमला की फसला ते फासे ठरवतात. सोमवारी हा गडी यूट्यूबवर समीक्षा टाकतो: कोण नुसता मारामारीला येतो, कोण फाशांचं गणित करत बसतो, कोण पात्र खरोखर जगतो. बघणारे मोजकेच, पण जीभ काय तिखट, विचारू नका!

त्या रविवारी त्यानं राक्षस-बिक्षस बाजूला ठेवून आपल्याकडचं गाव मांडलं. वेशीत म्हातारा पाटील बसवला. त्याचा खर्जातला आवाज काढून महामायाच्या पात्राला अडवलं, "कोणाची हायस गं तू? आडनाव सांग." त्याच्या गावात पारावर पाहुण्याला हेच विचारतात. त्यानं खेळ अस्सल होईल, असं त्याला वाटलं.

महामाया म्हणजे टेबलावरची सगळ्यात धीट खेळाडू. मागच्या खेळात एकटी अजगराच्या गुहेत शिरली होती. ती म्हणाली, "मी बाहेरून वळसा घालून जाते," आणि फासे खाली ठेवले.

सोमवारी दयानंदनं व्हिडिओत तिची यथेच्छ खेचली. "आमच्या महामायाताई! अजगराला भ्यायल्या न्हाईत, म्हाताऱ्याला भ्यायल्या. याला म्हणतात पळपुटा खेळ."

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली.

"दया, लोक लई हसून राहिले. माझ्या आज्याला त्याच्या गावच्या वेशीतून जाऊ देत नव्हते. आम्ही बौद्ध झालो, बाप मास्तर झाला, मी इंजिनियर झाले, तरी खोली भाड्यानं घ्यायला गेलं की आधी आडनावच विचारतात. खेळात तरी सरळ जाऊ द्यायचं होतंस."

दयानंदचे कान तापले. कॉलेजापासूनची दोस्ती, तिच्या आईच्या हातचं किती वेळा ओरपलं, आणि हे आपल्या डोक्यात येऊ नये? ती मात्र आपल्या घरी एकदाही जेवली नाही, हेही त्याला आत्ताच आठवलं. त्यानं कधी बोलावलंच नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

"व्हिडिओ आत्ता काढतो," तो पुटपुटला.

"काढ. आणि या रविवारी खेळ मी चालवणार. तू खेळायचं."

म्हणजे दोस्ती अजून तुटली नव्हती, पण तुटायला कितीसा वेळ लागतो! ती तोच पाटील वेशीत बसवणार हे धरून उरलेला आठवडा त्यानं उत्तर घोकलं. नुसतं नाव सांगीन, आडनाव न्हाई. ती म्हणेल तितका वेळ वेशीत उभा राहीन. चारचौघांत अपमान झाला तर बरंच, फिटंफाट होईल.

रविवारी त्याचं पात्र वेशीत पोचलं. महामायानं पाटलाचा आवाज काढला, अगदी त्यानं काढला होता तसाच.

"लांबून आला दिसतोस, बाबा. जेवलास का?"

घोकलेलं काहीच कामाचं नव्हतं, आणि दयानंदला मान वर करवेना.